हनुवटीवरचे केस

माझ्या हनुवटीवर केस होते. बायकांच्या तोंडावर असते तसली लव नव्हे. काळे, जाड, पुरुषाला दाढी फुटते तसे. मला पदर आला त्याच वर्षी आधी दोन-चार दिसले, मग जबड्याच्या कडेकडेनं कानापर्यंत गेले. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आजवर ज्यांना ज्यांना मी माझी गोष्ट सांगायला बसले, ते सगळे अर्ध्यात थांबून माझ्या हनुवटीकडं बघायला लागले. आता तिथं बघण्यासारखं काही नाही. पण ते केस कसे गेले, आणि ते जाईपर्यंत घरात काय झालं, ते लिहायचं आहे.

केजात आमची पिठाची गिरणी होती. पुढं गिरणी, मागं दोन खोल्या, मधे पत्र्याची भिंत. सकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, डिझेलच्या इंजिनाला हँडल मारायचे आणि ते सुरू झालं की फळीवरची भांडी दिवसभर थरथरत असायची. त्यामुळं आमच्या घरात कुणी हळू बोलत नव्हतं. मी आजही ओरडून बोलते, लोकांना वाटतं भांडते. सगळ्या वस्तूंवर पीठ असायचं, अंथरुणावर, देव्हाऱ्यातल्या टाकांवर, पाण्याच्या हंड्यावर. ज्वारीच्या पिठाचा वास गोडसर, बाजरीचा कडवट, आणि येसर, म्हणजे आमटीला लावायचं मसाल्याचं पीठ, दळायचा दिवस असला की सगळं घर शिंकत बसायचं. त्या दिवशी माय चुलीवर येसराची आमटी टाकायची आणि गरम भाकरी कुस्करून आम्ही पाटावर ओळीनं बसून खायचो. खाण्याची ददात नव्हती, हे खरं ते लिहायला पाहिजे.

चौथी झाल्यावर मला शाळेतून काढून गिरणीवर बसवलं, कारण दळण घेऊन येतात त्या बायका आणि बायकांशी बोलायला बाई पाहिजे. डबा घ्यायचा, वजन करायचं, जात्यावरच्या टोपल्यात धान्य ओतायचं, खाली पिठाला हात लावून जाड का बारीक ते बघायचं. तेव्हा काही वाटलं नाही. केस आल्यावर कळलं की गिरणी ही माझ्यासाठी जगातली सगळ्यात वाईट जागा आहे. पीठ उडतं आणि केसावर बसतं. उघड्या कातडीवर बसलेलं पीठ घामानं वाहून जातं, केसावरचं राहतं. तासाभरात माझ्या हनुवटीवर एकेक केस पांढरा होऊन उभा राहायचा. जो केस लांबून दिसला नसता तो रस्त्यावरून दिसायचा. बायका डबे रांगेत ठेवून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "कमळे, त्वांड पूस गं बाई, म्हातारबाबा दिसायलीस." सगळ्या हसल्या. इंजिनाच्या आवाजातही ते हसणं ऐकू आलं.

मायनं जे जे ऐकलं ते ते केलं. बेसन आणि हळद चोळली. चुलीतली राख लावून चिमटीनं उपटले. शेवटी कुणीतरी हरताळ सांगितली. हरताळ म्हणजे पिवळं विषारी दगडासारखं औषध, ते चुन्यात कालवून लावायचं आणि केस गळायला लागले की धुवायचं. मायला वाटलं जास्त वेळ ठेवलं की मुळापासून जातील. तिनं ते ठेवलं. केस गेले, आणि त्यांच्याबरोबर कातडीही गेली. पंधरा दिवस मी तोंडाला लोणी लावून मागच्या खोलीत पडून होते. नवी कातडी आली आणि त्या कातडीतून तेच केस परत आले.

आमच्याकडं दळणाला शमीमखाला यायच्या. त्या मनियार, बांगड्या विकायच्या आणि बायकांच्या भुवया-मिशा दोऱ्यानं काढून द्यायच्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि मायला झाडलं. "क्या करी गे ये! पोरीला जाळती का? माझ्या भाचीला पण असेच होते. अंबाजोगाईला एक डॉक्टरीणबाई आहे, सुईनं करंट देते. एकेक केस मारते. टाइम लागतो, पण गेला तो गेला."

आण्णांना ते पटायला वर्ष गेलं. त्या वर्षात मला बघायला दोन ठिकाणची माणसं आली. पहिल्यांनी पोहे खाऊन कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. दुसऱ्यांतली एक म्हातारी उठता उठता मायला म्हणाली, "बाई, पोरगी देताव का पोरगा?" त्या आठवड्यात आण्णांनी ठरवलं. ठरवताना त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली, आणि ती मी इथं नीट लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझी धाकटी बहीण लती तेव्हा आठवीत होती. हुशार. मास्तर घरी येऊन सांगून गेले होते की हिला अंबाजोगाईला बोर्डिंगात ठेवा, मॅट्रिक होऊ द्या, पुढं नर्सिंगला जाईल. आण्णा म्हणाले, "थोरली एकदा उजवली की धाकटीला शिकू देतो. दोघी घरात बसल्या तर मला जमणार न्हाई." म्हणजे माझी हनुवटी साफ झाली तर माझं लग्न, आणि माझं लग्न झालं तर लतीची शाळा. लतीला हे माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. म्हणून दर मंगळवारी माझ्याबरोबर एसटीनं ती यायची.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या. चष्मा, पांढरं पातळ, बोलणं तुटक. पहिल्या दिवशी त्यांनी माझी हनुवटी हातात धरून खिडकीकडं वळवली आणि विचारलं, "दोरा, चिमटा, राख, काय काय केलंय?" मायनं सगळं सांगितलं. हरताळीचं ऐकल्यावर बाईंनी फक्त मायकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आजपासून कात्री सोडून काहीही लावायचं नाही. कापा, चालेल. वस्तऱ्यानं काढा, एक वेळ तेही चालेल. ओढायचा नाही. मला केस उभा पाहिजे. केस म्हणजे माझा रस्ता, तो ओढून टाकला तर मुळापर्यंत जाऊ कशी?"

मला टेबलावर निजवलं. डोक्यावर दिवा, बाईंच्या डोळ्याला भिंग. माझ्या उजव्या मुठीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पितळी कांडी दिली आणि ती सोडायची नाही म्हटलं. सुई केसाएवढी बारीक. ती टोचत नाहीत. केस ज्या भोकातून वर येतो त्याच भोकातून केसाच्या कडेनं आत सोडतात, तळाला लागेपर्यंत. मग बाई पायानं खटका दाबायच्या. आधी काही नाही. मग कोमट, मग मुंगी चावल्यासारखं, मग तापलेली तार आत फिरवल्यासारखं. तोंडात पितळेची चव यायची. लती डोक्याशी उभी राहून आकडे मोजायची. चाळिसाला बाई खटका सोडायच्या, चिमट्यानं केस धरायच्या, आणि तो काही जोर न लावता बाहेर यायचा, पिकल्या चिंचेतून चिंचोका यावा तसा. टोकाला ओलसर पांढरी गाठ. बाई ती लतीला भिंगाखाली दाखवायच्या. "हे मूळ. असं सुटून आलं तर मेलं. ओढावं लागलं तर मेलं नाही, त्याला परत बघायचं." करंटानं मुळाशी खारं पाणी जळजळीत होतं आणि मूळ शिजतं, असं त्या म्हणायच्या. तासाभरात पन्नास-साठ केस व्हायचे. त्याहून जास्त करायच्या नाहीत. म्हणायच्या, जवळजवळचे दोन एका दिवशी मारले तर मधली कातडी मरते आणि खड्डा पडतो.

परत येताना हनुवटी फुगलेली असायची, दुसऱ्या दिवशी बारीक खपल्या. पीठ लागू द्यायचं नाही, ऊन नको, हळद नको, खपली काढायची नाही. गिरणीवर मी तोंडाला फडकं बांधून बसायला लागले. लतीनं एका वहीत माझी हनुवटी काढली होती, चौकटी पाडून, आणि कुठल्या मंगळवारी कुठली चौकट झाली ते ती रंगीत पेन्सिलीनं भरायची. बाईंना ते फार आवडलं. "हिला शिकवा," त्या मायला म्हणाल्या. "हिचा हात आणि डोळा दोन्ही स्थिर आहेत." लती घरी येईपर्यंत एसटीत तेच वाक्य मनात घोळवत होती, तिच्या ओठांवरून कळत होतं.

तीन महिन्यांनी घरात भांडण झालं. ज्या चौकटी साफ झाल्या होत्या त्यात परत केस आले होते. आण्णांनी मला दारात उजेडात उभं केलं आणि बघून म्हणाले, "गेलते ते परत आले. बाई फसवायली आपल्याला. काहून जायचं मग?" मलाही तसंच वाटत होतं. लतीनं वही आणली आणि आण्णांपुढं मांडली. "आण्णा, हे ते न्हाईत. हे दुसरे हायत. बाईनं सांगितलंय, सगळे केस एका टायमाला वर नसतेत. थोडे वर, बाकीचे आत निजल्यावानी. वरचे मारले की आतले आपल्या टायमाला वर येत्यात. ते वर आल्याबिगर सुई जात न्हाई. म्हून वरीस-दीड वरीस, दोन वरीस. पण दर खेपी कमी येणार." आण्णा वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे रानातल्या कुंद्याच्या गवतावानी, कितीबी उपटा." लती म्हणाली, "तसंच." आण्णांना ते पहिल्यांदा पोटातून पटलं. त्यानंतर बाईंनी सांगितलेलं काहीही ते ऐकायचे.

आमच्या शेजारची पोरगी आता पार्लर चालवते. तिथं लेझरची मशीन आहे. एकदा तिनं मला बसवून सांगितलं की आता बंदुकीसारखं दाबलं की शंभर केस एकदम मरतात, तुम्ही उगाच इतकं सोसलं. मी विचारलं, पांढरा केस मरतो का. नाही म्हणाली, लेझरला काळा लागतो, पांढऱ्याला सुईच. मी उठून घरी आले. तिला वाटलं मला वाईट वाटलं.

सुईच्या आठव्या महिन्यात फरक दिसायला लागला होता. कडेचे केस जवळजवळ गेले होते, जे परत येत ते बारीक आणि मऊ. मधल्या हनुवटीवर अजून जाड होते, पण तिथंही आता विरळ. बाईंनी मला आणि मायला समोर बसवून सांगितलं, "लग्नाचं बघायला लागलात तर आधी मला विचारा. मी सांगेन त्या महिन्यात तारीख धरा. त्या वेळेला साफ ठेवणं माझ्या हातात आहे."

मग लिंबागणेशच्या पुढच्या एका गावाहून स्थळ आलं. पंधरा एकर काळी जमीन, विहिरीला पाणी, मुलगा एकुलता. ते रविवारी बघायला येणार आणि माझा मंगळवार पुढं दोन दिवसांवर. म्हणजे मी त्या आठवड्यात केस वाढवलेले होते, सुईला धरायला थोडी लांबी लागते म्हणून. कापले तरी काळे ठिपके राहतात. पाहुणे दिवसा येणार, अंगणात बसणार.

शनिवारी दुपारी शमीमखाला दळण घेऊन आल्या. मी त्यांना आत नेलं आणि म्हटलं, "खाला, दोरा फिरवा." त्या म्हणाल्या, "अगे, बाईनं मना केलंय ना?" मी म्हटलं, "एकडाव. उद्याच्या पुरतं." माय चुलीपाशी होती, तिनं ऐकलं आणि पाठ फिरवली. लोक नंतर मायला बोल लावत आले, अजूनही लावतात. मायनं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. लती दारात उभी राहून म्हणाली, "आक्का, नगं. आठ म्हैने झालेत." मी तिला म्हटलं, "तुला तुझी शाळा पाहिजे का न्हाई? मग गप बस." ती दारातून बाजूला झाली. शमीमखालांनी दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि अर्ध्या तासात माझी हनुवटी काचेसारखी करून ठेवली. पिकलेले, कच्चे, बारीक, जाड, सगळे केस निघाले.

रविवारी पाहुण्यांनी मला जवळून बघितलं आणि पसंत केली. तिथंच बोलणी झाली, दोन महिन्यांवरची तिथी धरली. बाईंना विचारून तारीख धरायची हे आण्णांना आम्ही सांगितलं नव्हतं. आण्णा त्या दिवशी जेवताना हसले. ते हसताना मी फार वेळा बघितलं नव्हतं.

मंगळवारी मी आणि लती गेलो. बाईंनी भिंग लावलं आणि काढलं. "केस कुठं आहेत?"

"गळले, बाई," मी म्हटलं.

"गळत नसतात. ओढलेस." त्यांनी हनुवटीला बोट लावून बघितलं. "सगळे ओढलेस. आता माझ्या सुईला वाट नाही. आणि ऐक, जे वेगवेगळ्या वेळी आले असते ते सगळे आता एकदम येतील. सहा आठवडे, आठ आठवडे. पीक आल्यासारखे." मग त्यांनी दिवा विझवला. "लग्न ठरलंय का?"

मी म्हटलं, "न्हाई."

कशासाठी म्हटलं ते पुढं लिहिते. लती डोक्याशी उभी होती, हातात वही. बाईंनी तिच्याकडंही बघितलं. लतीनं मान खाली घातली आणि वहीचं पान उलटलं. बाई म्हणाल्या, "मग घाई नाही. केस आले की या."

ते आले. लग्नाला बारा दिवस राहिले तेव्हा हनुवटीवर हात फिरवला की बोटाला लागायला लागले. आठ दिवस राहिले तेव्हा दिसायला लागले. पहिल्यापेक्षा कमी होते, पण एका ओळीत, एका उंचीचे, नुकत्या खुरपलेल्या वाफ्यात उगवावे तसे. मी शमीमखालांना बोलावलं. त्यांनी दोरा लावून बघितला आणि सोडला. "अभी बहुत छोटे है गे. दोरे में नहीं आता. आठ दिवस ठेर." आठव्या दिवशी लग्न होतं, हळद त्याच्याही आधी.

मी आण्णांबरोबर अंबाजोगाईला गेले. बाईंना सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दिवा लावला. तासभर त्यांनी जेवढे होतील तेवढे केले. मी म्हटलं, सगळे मारा, मी सोसते. त्या म्हणाल्या, "तू सोसशील. कातडी सोसणार नाही." मग आण्णांना बाहेर बोलावून म्हणाल्या, लग्न दोन महिने पुढं ढकला, साफ करून देते. आण्णा हात जोडून उभे होते. म्हणाले, "बाई, आधी सांगितलं असतं तर तुमी म्हणाल तवा धरलं असतं. आता पत्रिका गेल्या, मांडव टाकायला माणसं आली. लगन म्हंजे काय दळण हाय का, उद्या या म्हणायला?"

तर हळदीच्या दिवशी माझ्या हनुवटीची अशी गत होती: निम्म्या भागावर सुईच्या खपल्या, निम्म्यावर केस. सकाळी मी आण्णांच्या वस्तऱ्यानं ते केस काढले. मागच्या खोलीत, पितळी तांब्यात बघून. लतीनं पाणी धरलं. आमच्यात नवऱ्याला आधी हळद लागते आणि त्याचीच उष्टी हळद घेऊन त्यांच्या बायका नवरीकडं येतात. त्या दिवशी ऊन मोठं होतं. मांडवात मला पाटावर बसवलं, इंजिन बंद होतं, आणि इतकी शांतता आमच्या दारात मी आधी कधी ऐकली नव्हती. नवऱ्याच्या आत्यानं वाटी घेतली. आमच्याकडच्या बायका दोन बोटांनी लावतात. त्या बाईनं हात भरून घेतला आणि कपाळापासून गळ्यापर्यंत तळवा ओढला, चांगला जोरानं, हौसेनं. परत खालून वर नेला, आणि हात हनुवटीवर अडकला.

तिनं हात मागं घेतला. बोटं बघितली. खपल्या निघून थोडं रक्त आलं होतं. मग तिनं नखानं माझी हनुवटी खरवडल्यासारखी केली आणि मागं वळून मोठ्यांदा म्हणाली, "ये वैनी, हिकडं ये. हिनं दाढी केलीय."

ह्यापुढं जे झालं ते फार वेळ चाललं नाही, लोक सांगतात तसं रडारड, पाया पडणं काही झालं नाही. त्यांच्या बायका एकेक करून आल्या, हात लावून गेल्या. मग पुरुष बाजूला बसले. आण्णा बसले. मी पाटावरच होते, उठ कुणी म्हटलं नव्हतं. ऐकू येत होतं. नवऱ्याचा चुलता म्हणाला, "पाव्हणं, आमी काय वऱ्हाड घिऊन रिकामं जावं का? गावात त्वांड दाखवायचं हाय आमाला." आण्णांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तोच म्हणाला, "धाकटी हाय की. मघाशी पाणी देत हुती ती. तिला बशिवा. हुंड्याचं हाय तसं ऱ्हाऊ द्या."

लती नववीत होती. परकर-पोलकं घालून, हातात तांब्या. आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग मायकडं. माय म्हणाली, "तिची परीक्षा हाय." एवढंच म्हणाली. ते कुणालाही ऐकू गेलं नाही, का गेलं आणि कुणी धरलं नाही, मला ठाऊक नाही. कायदा तेव्हाही होता. कायदा आजही आहे, आणि आमच्या जिल्ह्यात आजही पोरी नववीतूनच बोहल्यावर जातात, त्याला कुणाची हनुवटी लागत नाही.

मला पाटावरून उठवलं. माझ्या तोंडाची हळद मी हौदावर धुतली. माझं पिवळं लुगडं लतीला आखूड करून नेसवलं, कंबरेला दोन घड्या जास्त मारून. त्याच वाटीतली हळद तिला लावली. ती रडली नाही. हळद लावणाऱ्या आत्याबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही बघा, लोणी हाय लोणी."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मांडव काढला, गिरणी सुरू झाली. माझ्या हनुवटीला पू झाला होता, त्यासाठी दवाखान्यात जावंच लागलं. बाईंनी जखमा साफ केल्या. लती कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "महिनाभर काही करायचं नाही. नंतर ये."

मी जात राहिले. घरात कुणी जा म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. मला बघायला आता कोणी येणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तरी जात राहिले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, एवढं सगळं ज्याच्यापायी झालं ते निदान व्हायला तरी पाहिजे. आकडे मोजायला कुणी नव्हतं, मीच मनात मोजायची. आधी दर मंगळवारी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. ओढलेल्यांपैकी काहींची मुळं वाकडी झाली होती, त्यांना तीन तीनदा सुई घालावी लागली. पण दर खेपेला कमी. साठाचे तीस झाले, तिसाचे दहा. मग अशा खेपा आल्या की बाई भिंग लावून अर्धा तास शोधायच्या आणि चार सापडायचे. शेवटच्या खेपेला एकही सापडला नाही. तीन महिने थांबून परत बोलावलं, तेव्हाही नाही. बाई म्हणाल्या, "आता येऊ नकोस." हरताळीचा डाग आणि हळदीच्या दिवसाचे दोन खड्डे राहिले. केस नाही.

त्याच सुमाराला लती बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं मूल तिकडंच झालं होतं आणि राहिलं नव्हतं, म्हणून ह्या खेपेला मायनं हट्ट करून आणवली. सातवा महिना होता. हात कोपरापर्यंत रापलेले, आवाज बसका. दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत शेंगा फोडत बसलो होतो. पत्र्यापलीकडं इंजिन चालू होतं.

ती म्हणाली, "गेले का गं सगळे?"

"गेले."

"बघू." तिनं हात पदराला पुसला आणि माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली, बाई धरायच्या अगदी तशी. अंगठा ह्या कानापासून त्या कानापर्यंत फिरवला. खड्ड्यांवर थांबला, पुढं गेला. "चांगलं झालं," ती म्हणाली. हात काढून घेतला नाही. "बाई म्हणलत्या तेवढाच टाइम लागला."

"व्हय."

"आक्का, त्या मंगळवारी मी बाईला तारीख सांगितली असती तर?"

काही फरक पडला नसता, असं मी म्हणू शकले असते. बोलायला सोपं होतं. पण ती माझी हनुवटी धरून बसली होती. "बाई आण्णाला बोलल्या असत्या," मी म्हटलं. "आण्णानं ऐकलं असतं. पुढं ढकललं असतं."

"म्हंजे मी शिकले असते."

"शिकली असतीस."

तिचा अंगठा परत खड्ड्यांवर आला. "मी तुज्यासाठी गप बसले," ती म्हणाली. "बाई तुला बोलतील, तुजं लगन मोडंल म्हून. तू कुणासाठी गप बसलीस?"

"माज्यासाठी," मी म्हटलं. "पंधरा एकर हुती. मला ती सोडायची नव्हती."

लतीनं हात काढला. शेंगांचं सूप उचलून मांडीवरून खाली ठेवलं, टरफलं झाडली आणि उठली. एका हातानं भिंत धरून उठावं लागलं तिला. मायला तिनं सांगितलं की मी उद्या सासरी जाते. मायला कळेना. बाळंतपणाला आलेली पोर कधी अशी जाते का, सातव्या महिन्यात, खडखडणाऱ्या जीपमधून? माय रडली, आण्णा रागावले, कुणी काय बोललं का म्हणून सगळ्यांना विचारून झालं. लती म्हणाली, "कुणी काय बोललं न्हाई. तिकडं कामं पडलीत."

सकाळी तिची पिशवी घेऊन मीच स्टँडपर्यंत गेले. जीपमध्ये तिला पुढं, ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. मी पिशवी तिच्या पायाशी ठेवली आणि काचेपाशी उभी राहिले. जीप भरायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती. त्यानंतर ती माहेरी आली ती आण्णांच्या मातीला.